पक्षी, उंदीर आणि घारपुरे सर

घारपुरे सरांकडे पाण्याची तक्रार घेऊन गेलं, की ते आधी पक्षी सांगत. जीवशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि रहाटणीतल्या आमच्या सोसायटीचे चेअरमन. उन्हाळ्यात नळाला पाणी दिवसाआड, आणि बोअरचं खारट. टँकर मागवा म्हटलं की सर चष्मा पुसायला घेत.

"एक दुर्मीळ समुद्रपक्षी आहे. खारंच पाणी पितो आणि मीठ नाकावाटे बाहेर टाकतो. वाळवंटातला इवलासा उंदीर त्याच्याही पुढचा. जन्मभर पाणी पीतच नाही, दाण्यांवर भागवतो. दोघांत श्रेष्ठ कोण, सांगा बघू!"

आम्ही रिकाम्या बादल्या घेऊन उभे, आणि हे परीक्षा घेणार! उत्तर बरोबर आलं तरी टँकर नाहीच. टँकर म्हणजे त्यांच्या मते नुसते लाड.

बबनराव मूळचे इथले. सोसायटी त्यांच्याच रानात उभी राहिली. एका मीटिंगमध्ये ते भडकले. "सर, आमची भरली हिर बुजवून ही बिल्डिंग बांधलीया. आता उंदराकडनं शिकू व्हय?"

"शिकायला वय लागत नाही, बबनराव," सर म्हणाले.

त्या वर्षी माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पाचव्या मजल्यावर पाणी चढेना. बाळंतिणीच्या अंघोळीला नाही, बाळाचे लंगोट धुवायला नाही. मी सरांच्या दारात गेले. "वहिनी, उंदराची मादी वाळवंटातच विते," ते म्हणाले. ते वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. शेवटी लेकीला बाळासकट मारुंजीला सासरी पाठवलं. तिथे निदान टँकर तरी यायचा.

पुढे सरांना मुतखडा झाला. उंदराचा आदर्श ते स्वतःही पाळत होते, एवढा प्रामाणिकपणा मात्र होता. दवाखान्यातून परतले ते काखेत भलीमोठी पाण्याची बाटली घेऊनच. लगेच मीटिंग बोलावून टँकरचा ठराव त्यांनी स्वतःच मांडला. वाटलं, आता तरी म्हणतील, चुकलं माझं, माणसाला पाणी लागतं.

सरांनी चष्मा पुसला. "उंट एका दमात किती पाणी पितो, कल्पना आहे?"

दुसऱ्या दिवशी टँकर आला. पाचव्या मजल्यावर नळ धो धो वाहिला. लंगोट वाळत घालायची दोरी गॅलरीत तशीच रिकामी होती.