पाळीवर ऐकलेला अल्बम

आमच्या रेकॉर्डिंगवाल्याने माझ्या मेलेल्या भावाला फसवलं. त्याच्यामागून मला फसवलं, आणि सध्या तो माझ्या वहिनीला फसवतो आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात या प्रकाराला कलेची सेवा म्हणणारे लोक आहेत आणि त्यातले दोघे माझ्याच दुकानात बसून माझाच चहा पितात.

दुकान अड्याळच्या बाजारात आहे. मोबाइल, चार्जर, स्पीकर, शिवाय लग्नाला आणि मंडईला भाड्याने भोंगे. मला हे कुणी आयतं दिलेलं नाही. आठवडी बाजारात पोत्यावर कॅसेटी मांडून मी सुरुवात केली. उन्हाने वाकडी झालेली कॅसेट परत व्यापाऱ्याच्या गळ्यात कशी मारायची, हे मिशी फुटायच्या आत शिकलो. घासाघीस केल्याशिवाय मी मिठाची पुडीसुद्धा घेत नाही. आवाज चढतो, माणसं तुटतात, ते मला माहीत आहे. पण नागपूरच्या ठोक बाजारात मला बनवून गेलेला एक माणूस दाखवा.

दिवाळीनंतर, धान कापणीच्या दिवसांत, आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसभर दुकानं, घरोघरी पाहुणे, मैदानात दंडार, म्हणजे आमचा नाचगाण्याचा खेळ. मंडईच्या सकाळी भोंग्यावर पहिलं काय लागलं याला गावात मान आहे. ते ठरवायला आम्ही गाण्याचे वेडे लोक आधी एका संध्याकाळी जमतो. वर्षभरात निघालेले नवे अल्बम प्रत्येक जण घेऊन येतो. आता ते पेनड्राइव्हवर असतात, पण अट जुनीच: पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायचं, मधलं पळवायचं नाही. दुसरी अट आमच्याच गावाची. भोंगा तलावाच्या अलीकडे मैदानावर, आणि ऐकणारे तलावापलीकडे पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या भरावावर. मंडईला येणारा माणूस बांधाबांधाने येतो. गाणं तिथवर पोचलं तरच त्याचे पाय इकडे वळतात. हेडफोनमध्ये गोड लागलेले कितीतरी अल्बम अर्ध्या पाण्यातच विरलेले आम्ही पाहिले आहेत.

यंदा पाळीवर आम्ही तिघे मुख्य होतो. मी, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आणि लाखांदूरच्या गाडीवर असलेला कंडक्टर. मागे गावातले पाच-सहा हौशी. रेकॉर्डिंगवाला नेहमीप्रमाणे मैदानात भोंग्यापाशी. तो नागपुरात स्टुडिओत काम करायचा, दोन वर्षांपूर्वी गावी परतला आणि घराच्या मागच्या खोलीत गाद्या ठोकून त्याने स्वतःचा स्टुडिओ केला.

मास्तरांनी भजनी मंडळाच्या बायकांचा अल्बम आणला होता. कंडक्टरने दोन बहिणींचा भीमगीतांचा. मी पवनीकडचा लग्नगीतांचा.

“मास्तर, तुमच्या अल्बमात पेटीच गाऊन राहिली,” कंडक्टर म्हणाला. “बाया कोठी गेल्या?”

“तुह्या गाडीत बसल्या असतीन,” मास्तर म्हणाले. “म्हनून अजून पोचल्या नाही.”

लोक हसले. मी कंडक्टरला धरलं. “पोरी सुरात हायेत, कबूल. पन ढोलकी काहून नाही? कोनी डबा ठोकून राहिला मागं.”

“मशीन हाये ते, शेठ.”

“मंग मंडईत मशीनलेच पानसुपारी देजो.”

“अन् तुमच्या लग्नगीतात नवरी रडून राहिली का सनई, तेच समजत नाही,” तो म्हणाला. मी चिडलो. मी नेहमीच चिडतो. माझा अल्बम पाण्यावरून खरोखर फाटका आला होता, हे मला त्याच्याआधी कळलं होतं, पण कबूल करण्याइतका मी भोळा नाही.

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. मैदानातून रेकॉर्डिंगवाला बोलत होता. “आता एक माह्याकडचा लावतो. नाव सांगत नाही. आयका.”

सूर्य तलावाच्या टोकाला टेकला होता. काठचे बगळे उठून गेले. भोंग्यात थोडी खरखर झाली आणि माझा भाऊ गाऊ लागला.

भाऊ माझ्याहून मोठा. जाऊन आता काही वर्षं झाली. राइस मिलमध्ये कामाला होता. कोंड्याच्या धुळीने छाती पोखरली, तरी मंडई आली की दंडारीत पहिलं गाणं त्याचंच. पण एक ओळ त्याला एका श्वासात कधी पुरली नाही. अर्ध्यावर तो थांबायचा, छाती भरून घ्यायचा, आणि तेवढी मोकळी जागा मी भरायचो. मी टाळकरी. त्याच्या श्वासाच्या जागी माझा टाळ आणि एक लांबवलेला “हो जी”. ऐकणाऱ्याला वाटायचं, चालच तशी आहे. तशी वीस वर्षं आम्ही गायलो.

पाळीवर त्याचा आवाज आला तेव्हा मागच्यांपैकी कुणीतरी “अबे, हे तं...” म्हणून तोंडावर हात ठेवला. मीही आधी समजलो की एखादी जुनी कॅसेट सापडली. गाणं नवं होतं, मी कधी न ऐकलेलं. तरी ओळीच्या मध्यावर माझं तोंड आपोआप उघडलं. “हो जी” ओठावर आलं आणि तिथेच अडकलं. जागाच आली नाही. भाऊ पुढे गेला. ओळ संपली, दुसरी सुरू झाली, तीही संपली. चार ओळी झाल्या, कडवं झालं. तो एकदाही थांबला नाही.

आवाज त्याचाच. घोगरी किनार त्याचीच, शेवटचं अक्षर नाकात सोडायची खोडही त्याचीच. फक्त तो श्वास घेत नव्हता. पाण्यापलीकडून सात गाणी आली आणि सातही गाण्यांत त्याने श्वास घेतला नाही.

“काय पोचला आवाज!” मास्तर म्हणाले. “एवढा साफ तं भाऊ जिता असतानाही नव्हता आला.”

“मास्तर, हा भाऊ नव्हे,” मी म्हणालो.

“मंग कोन होय?”

तेवढ्यात पाळीच्या खालच्या बांधावरून वहिनी वर आली. आमचं वावर तिथेच आहे, ती कापणीला होती. हातात विळा, पदराला धानाची कुसळं. ती कुणाकडे न बघता पाण्याकडे तोंड करून बसली.

“भाऊजी,” ती मला म्हणाली, “हे गानं त्यायनं कवा म्हटलं?”

“नाही म्हटलं, वहिनी.”

“आवाज तं त्यायचाच हाये.”

“हाये. पन म्हटलं नाही.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्यापासून काही लपवून ठेवलं आहे. नंतर हात वर करून कौल झाला. मास्तरांनी हात वर केला. कंडक्टरने स्वतःचा अल्बम सोडून हात वर केला. मागचे सगळेही. यंदाचा सगळ्यात चांगला अल्बम ठरला, मंडईच्या सकाळी पहिला लागणार ठरलं. पाळीवर बसून श्वास ऐकू येत नाही, मग नसलेला श्वास कुणाला ऐकू येणार? आमची दुसरी अट गाणं किती लांब जातं एवढंच सांगते. ते कुठून आलं, हे तिला विचारताच येत नाही.

आता फसवणूक सांगतो. गेल्या उन्हाळ्यात रेकॉर्डिंगवाला माझ्याकडे आला होता. भावाच्या दोन कॅसेटी माझ्याकडे होत्या, मीच मंडपात रेकॉर्ड केलेल्या. म्हणाला, बुरशी लागायच्या आत साफ करून देतो. मी त्याच्याशी तासभर भांडून चार गोष्टी कबूल करून घेतल्या. कॅसेटी परत द्यायच्या. गाणी कुणाला विकायची नाहीत. गाण्यांवरचं भावाचं नाव गाळायचं नाही. चालीत एक सूर बदलायचा नाही. जिंकल्यासारखा मी घरी गेलो.

पाळीवरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच दुकानात आला. मास्तर आणि कंडक्टर बसलेच होते.

“कोनती अट मोडली मी, शेठ?” तो शांतपणे म्हणाला. “कॅसेटी परत केल्या. तुमची जुनी गानी अल्बमात एकही नाही. सातही नवी हायेत, माह्या लेखनीची. भाऊचं नाव पयलं टाकलं. मी फक्त आवाज घेतला. कॉम्प्युटरले कॅसेट आयकवली, तो शिकला.”

“आवाज कोनाच्या बापाचा होता?”

“आवाज काही सातबारावर नसते, शेठ.”

मी त्याची गचांडी धरली. कंडक्टरने मला ओढलं. त्याने टेबलावर ठेवलेला अल्बमचा पेनड्राइव्ह उचलून मी समोरच्या नालीत फेकला.

“मोबाइलात हाये ना,” तो म्हणाला आणि कॉलर नीट केली.

मास्तर मला समजावू लागले. “शेठ, लोकाइले आवडलं. भाऊचं नाव चालून राहिलं. यात तुमचं गेलं काय?”

हा प्रश्न मला इतका खोल लागला की मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि दोघांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा आले. मी चहा सांगितला. कुठे जाणार? पण त्या दिवसापासून कुणी अल्बमवर बोलत नाही, आणि बाजारात कुठे भावाचं गाणं वाजू लागलं की तिघेही कप खाली ठेवतो.

खरी गोष्ट वहिनीकडे सुरू आहे. त्या संध्याकाळी पाळीवरून उठून ती सरळ रेकॉर्डिंगवाल्याकडे गेली, हे मला नंतर कळलं. तिने विचारलं, हा आवाज फक्त गाते का, बोलत नाही? तो म्हणाला, बोलते ना. त्याने तिने सांगितलेलं एक वाक्य त्याच आवाजात तिच्या मोबाइलमध्ये टाकून दिलं. मी ते तिच्या ओसरीवर ऐकलं.

“जेवली का व?”

भाऊ असंच विचारायचा, मिलमधून आल्यावर, चप्पल काढता काढता. वहिनी चुलीपुढे बसून म्हणाली, “जेवली.” मग पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. पुन्हा ती म्हणाली, “जेवली.” तिचा स्वयंपाक झालेलाच नव्हता, चूल थंड होती.

“वहिनी, हे मशीन होय.”

“माहीत हाये मले,” ती म्हणाली. “मी येडी नाही, भाऊजी.” आणि बटण दाबलं.

आता कापणीला ती जात नाही. आमचं धान उभं आहे. लोंब्या झडायला आल्या, चिमण्या खाऊन राहिल्या. मजूर लावतो म्हटलं तर म्हणते, थांबा, मंडई होऊ द्या. परवा मी गेलो तेव्हा तिने भावाचा दंडारीचा पोशाख काढून कुंपणावर उन्हाला घातला होता. तांबडा शेला, मण्यांचा पट्टा, घुंगरांची जोडी. इतकी वर्षं तो कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून पेटीत होता. शेल्याला उंदराने पाडलेलं भोक तिने त्याच रंगाच्या दोऱ्याने रफू केलं होतं. घुंगरं चिंचेने घासून उजळ केली होती.

“हे कायले काढलं?” मी विचारलं.

“त्यानं सांगितलं ना,” ती म्हणाली. त्यानं म्हणजे रेकॉर्डिंगवाल्याने. “मंडईच्या दिवशी सकाळी हे भोंग्यावरून साऱ्या गावाले राम राम घालनार हायेत. मंग गानं. मंग दंडार उभी राहील तं यायले पोशाख नोको का?”

ती हसत नव्हती. रडतही नव्हती. शेला उलटून दुसरी बाजू उन्हाला केली. वारा आला की घुंगरं कुंपणावर वाजत होती, आणि दर वेळी ती वळून बघत होती.

रेकॉर्डिंगवाल्याला मी फोन केला. म्हणालो, तिला सांग, तो येणार नाही. तो म्हणाला, “येनार हाये असं मी म्हटलंच नाही, शेठ. मी म्हटलं आवाज येईल.” पुन्हा एक अट न मोडता सुटला.

भोंगे माझे आहेत. मी देणार नाही म्हणालो तर लाखांदूरहून दुसरे येतील, ते त्याने आधीच सांगून ठेवले आहेत. म्हणजे आवाज येणारच. पुढच्या आठवड्यात सकाळी तलावावर माझा भाऊ श्वास न घेता गाईल, बांधाबांधाने लोक येतील, आणि हातावर तो पोशाख घेऊन वहिनी मैदानात भोंग्याखाली उभी राहील. मी तिथे टाळ घेऊन असेन. पण माझ्यासाठी गाण्यात जागा ठेवलेली नाही.

म्हणून हे लिहिलं. रेकॉर्डिंगवाल्या, तू अट मोडली नाहीस, ठीक. मास्तर, तुम्ही पाळीवर हात वर केलात. कंडक्टरसाहेब, तुम्हीही. त्यावर मला उत्तर देऊ नका, मी तुमच्याशी आयुष्यभर भांडू शकतो. त्या सकाळी गाणं संपेल, दंडारीची मंडळी उभी राहील, आणि ती शेला पुढे करून विचारेल, “कोठी हायेत?” तेव्हा तुम्हा तिघांपैकी कोण पुढे येणार आहे, ते आज, माझ्या दुकानात, माझ्या तोंडावर सांगा.