परदेशी मंत्री आमच्या कारखान्यात

चार लूमवाले टपरीवर बसले की कापडापेक्षा किस्से जास्त निघतात. कापड निदान विकलं तरी जातं, किस्से नुसते साचतात! त्यातला आफ्रिकेकडचा मंत्री आला होता तेव्हाचा माल आधी काढतो.

त्याच्या देशात आमची लुंगी जायची. ऑर्डर थांबली आणि माझ्या चोवीस लूमपैकी सहाच उरले चालू. मंत्री खूश झाला तर ऑर्डर, नाहीतर लूम भंगारात. सरळ मामला.

*

मंत्रालयातला साहेब फाईल घेऊन आला. "भेट शुक्रवारी!"

शेजारच्या कारखान्याचे हनीफभाई हसत सुटले. "साहेब, शुक्रवारी जुम्मा, अख्खी भिवंडी बंद असते!"

"तारीख दिल्लीहून आलीय."

मी म्हटलं, "मग दिल्लीतलेच लूम दाखवा की!"

शनिवार ठरला. दिल्ली वाकली!

*

साहेबाला दाखवायची होती जवळच्या पूर्णा गावातली नवी गोदामं. म्हणे तिथं एसी हाय.

"लुंगी काय एसीत इनतात?" मी विचारलं.

हनीफभाई म्हणाले, "साब, लड़की देखने आ रहे हैं, मंडप दिखाओगे?"

यादीतून गोदाम खोडलं. माझा कारखाना लागला!

*

रिहर्सलला मी चोवीसही लूम सुरू केले. साहेबाने त्या धडधडाटातच भाषण ठोकलं. शब्द ऐकू येईना. पण आमचे कारागीर आयुष्यभर त्या आवाजात एकमेकांचे ओठ वाचत आलेले. त्यातला रामआसरे हसायला लागला.

बाहेर आल्यावर विचारलं, "क्या हुआ रे?"

"चाचा, साब तो बगलवाले देश का नाम ले रहे हैं! माल की गांठ पर तो हम रोज़ दूसरा नाम छापते थे."

साहेबाने गुपचूप कागद सुधारला. थँक्यू मात्र म्हणाला न्हाय!

*

शनिवारी मंत्र्याचा ताफा खाडीवरच्या कशेळीच्या पुलावर अडकला. साहेबाचा फोन, "काका, काहीतरी करा!"

"मी काय खाडीत रस्ता बांधू?"

हनीफभाईंनी ओळखीच्या ट्रकवाल्यांना फोन लावले. "लुंगी लेनेवाला आ रहा है, हटो!" पंधरा मिनिटांत पूल मोकळा. पोलीस बघतच राहिले!

*

मंत्री आला. उंचापुरा, सुटाबुटात. लूम धडाडत होते, दुभाषा ओरडून ओरडून घसा बसवून बसला. मंत्र्याने कापड उचललं, किनार ओढून बघितली आणि माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. म्हणजे भाव काय?

आमच्या बैलबाजारात भाव तोंडाने सांगत न्हाईत. टॉवेलखाली हातात हात घालायचा, बोटं दाबायची. बघणाऱ्याला पत्ता लागत न्हाय. माझा बाप बैलांचा दलाल. मी जुन्या सवयीने खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला, आणि लाजलो. हा काय बैल घ्यायला आलाय?

मंत्र्याने घड्याळ वर सरकवलं आणि हात टॉवेलखाली घातला!

साहेब पांढराफटक.

मी चार बोटं दाबली. त्याने तीन; गड्याला रीत ठाऊक होती! मी परत चार, जरा जोरात. तो खदखदून हसला आणि चार दाबली. मागं उभ्या त्याच्या देशातल्या व्यापाऱ्याला मान हलवून खूण केली. त्याने तिथंच वही काढून ऑर्डर लिहिली.

साहेब कानाशी येऊन ओरडला, "काका, काय बोललात तुम्ही दोघं? मला रिपोर्ट लिहायचाय!"

मी म्हटलं, "लिहा, चोवीसही लूम चालू!"