कपाटाला घाई नसते

आमच्या मास्तरांना कोणी विचारलं, "तुमच्या विद्येचं नाव काय?" तर ते आधी विचारणाऱ्याच्या पायांकडे बघतात आणि मग म्हणतात, "नाव ठेवलं की ती तेवढीच होते." विचारणाऱ्याला आपण फार खोल काहीतरी ऐकलं असं वाटतं. खरी गोष्ट अशी, की तेवीस वर्षांत मास्तरांना नाव सुचलेलं नाही.

मास्तरांचा धंदा घरसामान हलवण्याचा. उंची बेताची, वजन मधल्या आकाराच्या टेबलाएवढं. तरुणपणी ते सहा महिने कुस्ती शिकले, चार महिने मुष्टियुद्ध शिकले आणि पावणेदोन महिने पांढरे कपडे घालून काहीतरी शिकले. तिन्ही ठिकाणांहून त्यांना एकाच कारणाने घालवलं. प्रत्येक डाव दाखवला की हे विचारायचे, "पण असंच का?"

विद्या शेवटी भेटली ती जिन्यात. एकदा तिसऱ्या मजल्यावरून कपाट उतरवताना घरमालकाचं डोकं फिरलं आणि त्याने यांच्यावर ठोसा उगारला. यांचे दोन्ही हात कपाटाखाली. मास्तर एक पायरी खाली उतरले, बस. ठोसा कपाटाला बसला. मालक पुढे आठ दिवस डाव्या हाताने चहा ढवळत होता.

"मी काही केलंच नाही," मास्तर अजून सांगतात. "त्याच्या ठोशाला जायला दुसरी जागा दिली, एवढंच."

त्या एका पायरीतून सगळं तत्त्वज्ञान निघालं. जोराला जोर लावू नका. कपाट तुमच्यापेक्षा जड असतं आणि त्याला घाई नसते. पवित्रा घेऊन उभे राहू नका. पवित्रा घेतला की तुम्ही समोरच्याला तुमचा पत्ता दिलात. वळण आल्यावर वळणारा अडकतो, म्हणून वळण यायच्या आधी वळा. समोरच्याचा खांदा हलला की त्याचा ठोसा निघाला असं समजा आणि तो पोचायच्या आत तुम्ही पोचा. आणि जे उपयोगाचं नाही ते टाकून द्या. हे शेवटचं तत्त्व त्यांनी घरी एकदाच वापरलं. त्यात बायकोच्या भावाने दिलेलं घड्याळ गेलं. त्यानंतर घरात ते तत्त्व फक्त बायको वापरते.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, नगरपालिकेच्या हॉलमध्ये, रोज सकाळी मास्तरांचा वर्ग भरतो. आम्ही शिष्य चार: एक दंतवैद्य, एक टपालवाला, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या मावशी आणि मी. मास्तरांचं म्हणणं, प्रत्येकाने आपल्याकडे जे आहे त्यावर लढावं. दंतवैद्य "जरा आ करा" म्हणतात आणि समोरचा आ करतो, तेवढ्यात काम होतं. टपालवाला कुत्र्यांनी लावलेल्या सवयीने मागे न बघता उलटा पळतो. मावशी शांत आवाजात "थांबा हं" म्हणतात. चाळीस वर्षं लोकांना थांबवलेला आवाज तो. अंगावर येणारा माणूस खरोखर थांबतो. माझ्याकडे काय आहे हे मास्तर सहा वर्षं शोधताहेत.

गेल्या वर्षी मास्तरांच्या पाठीने राजीनामा दिला. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. आता जिन्यात ते नुसते "डावीकडे, डावीकडे" म्हणत उभे असतात आणि कामावरची माणसं ऐकल्यासारखं करतात. अजून त्यांचं कोणी खरोखर ऐकतं, अशी जागा उरली ती तो हॉल. म्हणून नगरपालिकेचं पत्र आलं, तेव्हा त्यांचा चेहरा कपाट निसटल्यासारखा झाला.

पत्रात लिहिलं होतं: वर्गाचा ठरावीक अभ्यासक्रम लेखी द्यावा, आणि तपासणीच्या वेळी एक ठरलेला हालचालींचा क्रम सर्व विद्यार्थ्यांनी एकसारखा, दोनदा करून दाखवावा. जमलं नाही तर हॉल जुन्या फायली ठेवायला घेतला जाईल.

"एकसारखा!" मास्तर म्हणाले. "दोनदा!"

"त्यात काय एवढं," मावशी म्हणाल्या. "बसवू की."

चार दिवस आम्ही बसवलं. उजवा पाय पुढे, डावा हात वर, वळा. मी वळलो की टपालवाला मला चुकवायचा, कारण वळणारा माणूस दिसला की चुकवायचं हे त्याच्या अंगात भिनलेलं. तो चुकवतो हे बघून दंतवैद्य मध्ये घुसायचे. मावशी सगळ्यांनाच थांबवायच्या. मास्तरांचं शिकवणं इतकं मुरलं होतं, की आम्हाला आता सोबत चुकतासुद्धा येत नव्हतं.

पाचव्या दिवशी मास्तरांची बायको डबा द्यायला आली. ती पडदे शिवते. दाराची उंची नजरेने सांगते. दाराशी उभी राहून तिने पाच मिनिटं तमाशा बघितला.

"अहो, सगळ्याशी जुळवून घ्या म्हणून गावाला शिकवता ना?"

"हो. मग?"

"मग त्या पत्राशी का नाही घेत?"

मास्तरांनी खिशातून पत्र काढून पुन्हा उलगडलं.

"आणि हे चौघं मोकळे आहेत तोवर चार दिशांना जाणार," ती कोपऱ्यातल्या दोन दारांच्या लाकडी कपाटाकडे बोट करत म्हणाली. "यांच्या हातात ते द्या. मग बघते कोण मनमानी करतं."

मास्तरांनी बायकोकडे असं बघितलं, जसं त्यांनी आयुष्यात एकदाच, त्या पहिल्या कपाटाकडे बघितलं असेल. तिथल्या तिथे त्यांनी कागदावर लिहिलं: उचलणे, आठ पावले, डावीकडे वळणे, तिरके करणे, ठेवणे. अभ्यासक्रम झाला.

तपासणीस बाई आल्या त्या पाठीचा कणा ताठ, फॉर्म पुठ्ठ्याला अडकवलेला, अशा. आम्ही चार कोपरे धरले. मास्तर पुढे उभे राहिले, त्यांची बायको दाराशी.

"उचला."

कपाट उठलं. भिंतीपासून दारापर्यंत आठ पावलं, डावीकडे वळण, तिरकं, खाली. कोणी कोणाला चुकवलं नाही. चुकवायला जागाच नव्हती. मास्तरांचे डोळे भरून आले. आमच्या हातांना कळ लागली होती म्हणून आमचेही.

"छान," बाई म्हणाल्या. "आता पुन्हा, तंतोतंत."

आम्ही कपाट परत भिंतीकडे न्यायला लागलो.

"थांबा. परत नेणं यात लिहिलेलं नाही. आठ पावलं, डावीकडे. इथूनच."

इथून म्हणजे उघड्या दारातून बाहेर. बाहेर म्हणजे जिना. मी मास्तरांकडे बघितलं. ते पायऱ्या मोजत होते. पहिल्या टप्प्याला आठ पायऱ्या, आणि वळण डावीकडे.

"उचला," ते हळू म्हणाले.

बाई आमच्या पुढे, उलट्या पावलांनी, फॉर्मवर खुणा करत उतरत होत्या. एक पायरी, एक खूण. सातव्या पायरीवर मावशींचा हात घसरला. कपाट बाईंच्या दिशेने कललं. मास्तरांचे हात आपोआप पुढे आले, आणि मग थांबले. ते कपाटाकडे बघत नव्हते. बाईंच्या खांद्याकडे बघत होते.

"बाई, मागे नका जाऊ. वळा. आत्ता!"

बाई वळल्या. वळताना त्यांचा खांदा बरोबर कोपऱ्याखाली आला. कपाट क्षणभर विचार करत थांबलं आणि मुकाट्याने वळणावर टेकलं.

"हे माझ्या फॉर्ममध्ये नाही," बाई धापा टाकत म्हणाल्या.

"कशातच नसतं," मास्तर म्हणाले. "पण तुम्ही वळण यायच्या आधी वळलात. हे मला यांना शिकवायला दोन वर्षं लागली."

"ह्याला सहा झाली," मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

बाईंनी केस सारखे केले, पुठ्ठा उचलला. एकसारखेपणा: आहे. दोनदा: होय. मग पेन थांबलं. "विद्येचं नाव?"

मास्तरांनी बाईंच्या पायांकडे बघायला सुरुवात केली.

"कपाट," वरून बायको म्हणाली. "लिहा तुम्ही. यांचं बोलणं ऐकत बसलात तर संध्याकाळ होईल."

एका वर्षाची परवानगी मिळाली. ती त्याच कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, आणि कपाट अजून जिन्याच्या वळणावर उभं आहे. वाचनालयात येणारे त्याला वळसा घालून जातात. मास्तर रोज सकाळी तिथे पाच मिनिटं थांबून कोण कसं वळतं ते बघतात. परवा म्हणाले, दोघं-तिघं वर्गात घेण्यासारखे आहेत.

"आणि पुढच्या वर्षी?" बायकोने विचारलं. "पुढची आठ पावलं मोजलीत का? थेट वाचनालयाच्या काउंटरवर जातंय ते."

"ग्रंथपालांचे खांदे बघितलेस का तू?" मास्तर म्हणाले.