बटणाला लावलेलं बोट

नातीने स्वस्तातल्या बास गिटारला तारांचा आवाज पकडणारे नवे पिकअप बसवले, आतल्या वायरीही बदलल्या. उद्या तिला कार्यक्रमात वाजवायचंय आणि गिटार नुसती घूं करतेय. बटणाला बोट लावलं की गप्प, काढलं की पुन्हा घूं.

"आजी, जरा बटण धरून बस. मी वाजवते."

बसले. आमच्या रेडिओचंही असंच होतं. एरियल धरून मी उभी, बातम्या ऐकायचे हे. हात भरून यायचा, पण रेडिओ कधी कुणी उघडला नाही. धरायला माणूस असलं की बिघाड तसाच राहतो.

मी बोट काढलं.

"आजी, धर ना."

"उद्या स्टेजवर कोण धरणार? उघड ती परत."