तिच्या हाताची सुरी

"सुरी घेताना आधी हात बघावा, मग सुरी," बाबा एकदा म्हणाले होते.

लेक तेव्हा नोकरीसाठी पहिल्यांदाच वेगळ्या खोलीत राहायला निघाली होती. तिला एक सुरी घ्यायची म्हणून दोघं भांड्यांच्या दुकानात उभे होते. बाबांनी दुकानदाराला होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या सुऱ्या काढायला लावल्या. एकेक तिच्या हातात दिली. मूठ बोटांना भिडते की तळव्यात लोळते ते पाहिलं. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलंय की वरच्यावर चिकटवलंय ते निरखलं. मग धार सरळ आहे का ते बघायला एक डोळा मिटून पातं असं समोर धरलं, की मागचं गिऱ्हाईक चार पावलं हटलं.

"काका, सुरी घेताय की स्थळ बघताय?" दुकानदार कंटाळून म्हणाला.

"स्थळात खोट निघाली तर माणूस निभावून नेतो. सुरीत निघाली तर बोट जातं."

शेवटी सगळ्यात साधी, लाकडी मुठीची घेतली. लेकीनं ती खरकट्या भांड्यांत टाकून, ओली ठेवून, वर्षभरात वाया घालवली. बाबा एकदा तिच्या खोलीवर आले तेव्हा ती त्यांच्या नजरेला पडली. त्यांनी उचलली, धारेवरून आडवा अंगठा फिरवला आणि परत होती तिथे ठेवून दिली, दवाखान्यात ओळखीच्या माणसाचा हात पांघरुणावर ठेवावा तशी. त्यांचं रागावणं असंच असायचं, आणि रडणंही.

आयुष्यभर त्यांनी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासली. पुढे आरसे आणि दिवे, मागे एक खोली, तिला खिडकी नाही. त्या खोलीत पाण्याची बारीक धार, फिरता दगड आणि बाबा. ज्यांच्या डोळ्यांसाठी ते घासत त्यांचे चेहरे त्यांना कधी दिसले नाहीत. पुढून चौकट यायची, सोबत आकडा यायचा, आणि मागून भिंग जायचं. संध्याकाळी घरी आले की नखांत पांढरी पूड असायची. आई म्हणायची, "पीठगिरणीत असता तर निदान पोट तरी भरलं असतं त्या पुडीनं."

सुऱ्यांचं वेड लागलं ते एका चुकीतून. लग्नानंतर लवकरच आईनं तक्रार केली की सुरी कापत नाही, नुसती चेंगरते. बाबांनी ती दुकानात नेली आणि मोठ्या ऐटीत जोराच्या चाकावर धरली. ठिणग्या उडाल्या, धार लखलखली, आणि धारेच्या कडेनं एक सुंदर निळी रेघ उमटली. ती रेघ त्यांनी कौतुकानं आईला दाखवलीसुद्धा. आठवडाभरात धार गेली. पुन्हा लावली, पुन्हा गेली. मग कुणा जाणत्यानं सांगितलं की ती निळाई म्हणजे पोलाद भाजल्याची खूण. आतून मऊ पडलं ते, आता त्यात धार ठरणार नाही. बाबा ती सुरी घेऊन बराच वेळ बसून राहिले होते म्हणे. घाईनं भाजलेली वस्तू वरून अधिकच चमकते, ही गोष्ट त्यांना फार लागली.

तेव्हापासून चाक बंद. हातानंच. एक खरखरीत दगड, एक गुळगुळीत, भांडंभर पाणी. पात्याची पाठ दगडापासून जरा उचललेली, आणि तो तिरपेपणा पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत तोच. एका बाजूनं घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत, मग पालटायचं. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेनं हलकेच ओढायचं, म्हणजे ती खरखर झडते. धार लागली की नाही ते टोमॅटोला विचारायचं. टोमॅटो खोटं बोलत नाही.

हळूहळू सुऱ्या जमल्या. जुन्या बाजारातून आणलेल्या, गंजलेल्या, मुठी तुटलेल्या, कुणाच्या तरी मेलेल्या आजीच्या. काही स्टेनलेसच्या, पण जीव साध्या पोलादावर. "हे धार धरतं," ते सांगत, "पण त्याचं मन राखावं लागतं. लिंबू कापलं की लगेच पुसा. तेलाचं बोट फिरवा. ओलं ठेवलंत की रुसलंच." काचेच्या ताटलीवर कुणी काही कापलं की त्यांच्या दातांतून कळ जायची. शेजारी त्यांना पातेराव म्हणू लागले. लोखंडी कपाटाच्या खणात कापडावर ओळीनं निजवलेल्या त्या सुऱ्या बघून आई एकदा म्हणाली, "सवत आणली असतीत तरी तिला एवढं पुसलं नसतं."

"सवत गंजत नाही," बाबा म्हणाले.

"विचारा मला, बायका कशा गंजतात ते."

आईची स्वतःची सुरी मात्र कपाटात नव्हती. ती ओट्याजवळच्या लाकडी पट्टीवर असायची. बाबांनी तिच्या हाताच्या मापानं मूठ घासून बसवलेली. तिची करंगळी जरा वाकडी, म्हणून तिथे एक खाच ठेवलेली. घासून घासून पातं निम्मं झालं होतं. रोज सकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन ती पुढे करायची, "अहो, हात फिरवा जरा." बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून पट्ट्यावर ती ओढायचे आणि पातं आपल्याकडे, मूठ तिच्याकडे अशी परत द्यायचे. आई टोमॅटोची एक चकती काढायची, उजेडात धरायची. झालं. लेकीनं त्या दोघांना याहून जवळचं काही बोलताना कधी ऐकलं नाही.

मग आईचं विसरणं सुरू झालं.

आधी भांड्यांची नावं गेली, मग वार, मग शेजारपाजार. लेक आपली खोली सोडून परत घरी राहायला आली, तेव्हा आईनं दार उघडून विचारलं, "कोण पाहिजे?" पुढे ती लेकीला 'बाई' म्हणू लागली. बाई, बसा ना. बाई, तुमचं घर कुठे? लेक बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायची आणि बाहेर येऊन सांगायची, "इथेच जवळ आहे हो."

पण बाबांना ती ओळखायची. डॉक्टरही नवल करत मान हलवायचे. सकाळ झाली की आई दारात यायची, सुरी पुढे करायची. "अहो, हात फिरवा जरा." मग ओट्याशी उभी राहून समोर येईल ते चिरायची. कांदा, गाजर, काकडी, पुन्हा काकडी. शिजवायचं कसं ते ती विसरली होती, पण हात चुकत नव्हते. डाव्या हाताची बोटं आत दुमडलेली, पातं पेरांना घासून जातंय, चकत्या एकसारख्या. त्या वेळात तिच्या चेहऱ्यावरचं भांबावलेपण उतरायचं. बाबा खुर्ची ओढून दारात बसायचे, डोळ्यांत तेल घालून बघत.

एका दुपारी त्यांचा डोळा लागला आणि आई बाहेर पडली. खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या म्हणून लेक धावली. आई जिन्यात उभी होती, हातात सुरी, आणि काकूंना अगदी सभ्यपणे विचारत होती, "आमचं स्वयंपाकघर कुणीकडे आलं हो?"

कुणाला ओरखडाही आला नव्हता. पण काकू संध्याकाळी वर आल्या. "माझी नातवंडं असतात जिन्यात. तुम्ही चांगली माणसं, मी नाही म्हणत नाही. पण पातेराव, सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात मारून घेत नाही."

त्या गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, कपाटाला कुलूप घाला. आणि ती ओट्यावरची, तीही काढा."

"कुलूप घालतो. ती नाही काढत."

"मग मी तिला संस्थेत ठेवते. मला रोज ऑफिसात जीव मुठीत धरून बसता येत नाही."

मग लेकीलाच, आपण फार बोललो असं वाटून, मधला मार्ग सुचला. तिला तो शहाणपणाचा वाटला. "निदान बोथट तरी करा. तिला काय, हातात धरायला सुरी असली की झालं. तिला काय कळतंय?"

"बोथटच जास्त लागते, बाळा. जोर द्यावा लागतो, मग घसरते."

"तुमचं शास्त्र राहू द्या हो! हा तुमचा छंद नाहीये. आई आहे माझी."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात तिच्या आईचा आवाज होता. ते उठले.

येत्या रविवारी, दुपारच्या उन्हात, बाल्कनीच्या पायरीवर बसून त्यांनी ते केलं. लेक आत कपड्यांच्या घड्या करत होती. दगडाचा आवाज तिला जन्मापासून माहीत होता, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. आजचा तसा नव्हता. पातं दगडावर उभं धरून ते ओढत होते; पाटीवर नख ओढावं तसं काहीतरी अंगावर आलं. लेकीनं खिडकी लावून घेतली. थोड्या वेळानं बाबा आत आले, सुरी पट्टीवर ठेवली, हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दारात आली. "अहो, हात फिरवा जरा." बाबांनी पट्टा काढला, पात्याची पाठच त्यावरून फिरवली आणि सुरी परत दिली, मूठ तिच्याकडे. त्यांना मान वर करवली नाही.

आईनं टोमॅटो घेतला. पातं टेकवलं, ओढलं. साल दबली, कापली नाही. तिनं पुन्हा ओढलं. टोमॅटो एका बाजूनं फुटला, बिया ओट्यावर सांडल्या. हाताला कुठेही लागलं नाही. लेक त्यासाठीच शेजारी उभी होती. आईनं सुरी उजेडात धरली. मग भिंत पाहिली, नळ पाहिला, खिडकी, डबे, असं एकेक, पाहुणा दुसऱ्याच्या घरात पाहतो तसं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हे घर कुणाचं?"

"तुझंच गं. असं काय करतेस?"

"नाही हो. आमच्याकडे असली सुरी नसते. आमचे हे ठेवूच द्यायचे नाहीत."

बाबा खुर्चीवरून उठले. "अगं, मी आहे ना इथे."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर सावरून घेतला. नुसता एवढाच हावभाव, पण लेकीला आपल्या पायाखालची फरशी गार झाल्यासारखी वाटली. असा पदर आई परक्या पुरुषासमोर सावरायची.

त्या दिवशी ती जेवली नाही. पिशवीत दोन पातळं भरून दाराशी बसून राहिली. "आमच्या ह्यांना निरोप धाडा, मला घ्यायला या म्हणावं." बाबा जवळ गेले की अंग चोरायची. लेक म्हणाली, "उद्या विसरेल. सगळं विसरते, हेही विसरेल." ते तिनं तीनदा म्हटलं, बाबांना उद्देशून, पण त्यांच्याकडे न बघता.

सकाळी बाबांनी दगड भिजवले. बोथट केलेल्या पात्याला पुन्हा धार आणायची म्हणजे आधी तो सगळा मेलेला भाग घासून काढावा लागतो. निम्मं राहिलेलं पातं आणखी झिजलं. पण ते घाई न करता घासत राहिले. खरखरीत, मग गुळगुळीत, मग पट्टा. मधूनच अंगठा आडवा फिरवायचे, पुन्हा पाणी घ्यायचे. पात्याचा तिरपेपणा हलला नाही. लेक चहा घेऊन शेजारी उभी राहिली. चहा निवला.

आई दाराशी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बाबांनी तिच्यासमोर सुरी धरली, मूठ तिच्याकडे. तिनं घेतली. तिची वाकडी करंगळी आपोआप खाचेत बसली. लेकीनं टोमॅटो पुढे केला. आई उठून ओट्याशी गेली, आणि पातं टोमॅटोतून असं उतरलं की जणू तिथे टोमॅटो नव्हताच. चकती तिनं उजेडात धरली. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं भांबावलेपण उतरलं. लेकीनं बाबांचा दंड घट्ट धरला.

आई वळली. प्रसन्न होती.

"छान धार लावता हो तुम्ही," ती बाबांना म्हणाली. "आमचे हे अश्शीच लावतात. हल्ली असा हात मिळत नाही."

बाबा एक पाऊल मागे सरले.

"आई," लेक म्हणाली, "अगं, नीट बघ ना. हे कोण आहेत? बघ तरी."

"बघितलं की. धारवाले आहेत. चांगले आहेत." आईनं आवाज खाली आणून लेकीला समजावलं, "पण बाई, घरात पुरुषमाणूस नसताना यांना फार वेळ थांबवून ठेवू नये. लोक बोलतात." मग बाबांकडे वळून, माणूस दुखावू नये अशा बेतानं म्हणाली, "आता निघा हं तुम्ही. आमचे हे येतीलच एवढ्यात. आले की मी दाखवीन त्यांना, कशी झालीय ते."

आणि ती पाठ फिरवून चिरायला लागली. पातं आणि लाकूड, पातं आणि लाकूड.

"बाबा, थांबा," लेक म्हणाली. "बाबा, तिला काही कळत नाही हो."

बाबांनी दगड पुसले, फडक्यात गुंडाळले. पट्टा गुंडाळला. भांड्यातलं गढूळ पाणी मोरीत ओतलं, भांडं पालथं घातलं. मग ते सगळं काखेत घेऊन त्यांनी चपला घातल्या, दार उघडलं, आणि चिरणाऱ्या बाईच्या कानावर आवाज जाऊ नये इतक्या हलक्या हातानं ते मागे ओढून घेत निघून गेले.