भुरीला हाक कुठून येते

थंडी कानातून शिरते, हे आसगावात बाळंतिणीला शिकवावं लागत नाही. ललिताबाईंनी आपल्या लेकरांच्या कानांत तेलाचा कापूस घातला होता. मग आई मेलेल्या करडाच्याच कानांत का घालू नये? पौषात जन्मलेल्या भुरीला त्यांनी बाटलीनं दूध पाजलं, दोन्ही कानांत बोळे कोंबले, वर फडकं बांधलं. थंडी सरल्यावर उजवा बोळा काढला. डावा दिसेना, तो पडला असेल असं त्यांनी धरलं.

तो आत खोल रुतून बसला होता. उन्हाळ्यात कान वाहू लागला, तेव्हा जनावरांच्या डॉक्टर राखी मॅडमनी चिमट्यानं बोळा काढला. कान सुकला, पण भुरी हाक ऐकून भलतीकडेच धावायची.

"कान बरा आहे, बाई," मॅडम म्हणाल्या. "पण ऐकणं शिकायच्या दिवसांत तो बंद राहिला. आवाज कुठून येतो, ते दोन कानांच्या मेळानं कळतं. तो मेळ बसलाच नाही. वेगवेगळ्या बाजूंनी सतत आवाज ऐकवा. किती सुधारेल, सांगता येत नाही."

नवरा नत्थू म्हणाला, "इकून टाक. तलावापल्याड जंगल हाये. तू इकडून हाक मारशीन, हे जाईन बिबट्याच्या तोंडात."

"चूक माही, अन् इकाचं तिले?"

बाई हट्टाला पेटल्या. कधी तणसाच्या ढिगाआडून, कधी गोठ्यामागून हाक मारायच्या. भुरीनं शोधून काढलं की मूठभर कोंडा. "ललिताबाई बकरीसंग लपाछपी खेळून राहिली!" गाव हसलं. हसेना का! असली चिकाटी देवानं आपल्याला चिमूटभर जरी दिली असती, तर आपण कुठल्या कुठे पोचलो असतो.

पावसाळा सरताना एका संध्याकाळी बकऱ्या तलावाच्या बांधावरून परतल्या, भुरी मागेच राहिली. ती पार जंगलाच्या झाडांच्या कडेला दिसली. बाईंनी हाक मारली आणि ती उलटी झाडांकडेच निघाली. नत्थू काठी घेऊन धावणार, तोच बाईंनी त्याचा हात धरला.

"धावू नोका, बिचकन ते."

त्या जागच्या हलल्या नाहीत. एकाच जागेवरून एकच हाक, घसा फाटेपर्यंत. भुरी थांबली. मान इकडे वळवली, तिकडे वळवली, पुन्हा इकडे. मग आली, अडखळत, वाकड्या वाटेनं, पण आली आणि बाईंच्या लुगड्यात तोंड खुपसून उभी राहिली.

बाई ढसाढसा रडल्या. हाका मारून त्यांचा आवाज बसला होता. तेव्हा घराच्या वाटेवर चार पावलं पुढे जाऊन हाक नत्थूनं मारली, आणि भुरी थेट त्याच्याकडे वळली.