नाना, गल्ली नंबर चार

माझं लग्न ठरता ठरता मोडायची वेळ आली ती चारच्या आकड्यामुळे. मी तेव्हा जळगावच्या एका शाळेत गणित शिकवत होतो.

(आत्ताच हसू नका. पुढं आणखी आहे.)

गोष्ट सत्तर सालानंतरची. दिवसा मी वर्गात लसावि-मसावि काढायचो आणि संध्याकाळी एका हौशी ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचो. बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, विजेवर चालणारी आणि श्रोत्यांना सहसा वेगळी ऐकू न येणारी गिटार. वेगळी ऐकू आली, तर वाजवणारा चुकला असं समजावं. माझी सगळ्यांना ऐकू यायची!

आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, समजुतीप्रमाणे ती गिटार मी केव्हाच विकून टाकली होती. त्या भरवशावर त्यांनी धुळ्याच्या एका स्थळाला छातीठोकपणे कळवलं होतं, "मुलाला कसलाही नाद नाही." प्रत्यक्षात तो नाद आमच्या ड्रमवाल्याच्या माळ्यावर गोधडीत गुंडाळून ठेवला होता.

रविवारी धुळ्याला मुलगी पाहायला जायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात तालमीत माझ्या गिटारची घोडी मोडली. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. ऑर्केस्ट्रातली शिकलेली मंडळी तिला ब्रिज म्हणत. चारही तारांचा ताण ती बिचारी एकटी सोसत असते. ती आधी कण्हली, मग फाडकन उखडली आणि समोरच्या गायिकेच्या चहात जाऊन पडली.

जळगावात बास गिटारची घोडी कुठली मिळायला? पण धुळ्यात गल्ली नंबर चारमध्ये वाद्यं दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. त्यांना सगळे नाना म्हणत. (आमच्या खानदेशात पन्नाशी ओलांडली की माणूस आपोआप नाना, आबा नाहीतर भाऊ होतो, खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरतं.) म्हटलं, आधी मुलगी पाहू, मग हळूच सटकून घोडी पाहू. लगेच पोस्टकार्ड खरडलं:

"ती. नानांस सा. न. वि. वि. जुनी घोडी पार कामातून गेली. चार वर्षं ताण सोसला, आता वाकली. वरून चकचकीत, पण आवाज बसलेला. येत्या रविवारी धुळ्यास येत आहे. दोन-तीन काढून ठेवाव्यात. रुंद असावी, बुटकी चालेल. आधी कोणी वापरलेली असल्यास हरकत नाही. मात्र ठोकून, वाजवून पाहिल्याशिवाय पसंत करणार नाही. न जमल्यास महिन्याभरात परत करीन. आमच्या आबांना यातलं काही कळू देऊ नये. आपला, विनायक, जळगाव."

पत्ता: नाना, गल्ली नंबर ४, धुळे.

आता माझ्या चारबद्दल. वर्गातली मुलं नेहमी विचारायची, "सर, हा चार आहे की पाच?" मी म्हणायचो, "संदर्भानं समजून घ्या."

धुळ्याच्या पोस्टमननंही संदर्भानं समजून घेतलं. मुलीचं घर गल्ली नंबर पाचमध्ये होतं आणि तिच्या वडिलांनाही सगळे नानाच म्हणत!

रविवारी आई, आबा आणि मी एसटीनं धुळ्याला पोचलो. मोडकी घोडी मापासाठी रुमालात गुंडाळून माझ्या पँटच्या खिशात. दारात स्वागताला कोणी नाही. आत बसलो तर पाणी आलं, गूळ आला नाही. समोर नाना बसले होते. शेजारी त्यांची थोरली बहीण, अक्का. त्यांच्या हातात अडकित्ता होता आणि सुपारी कुठंच दिसत नव्हती!

"मुलाला कसलाही नाद नाही, असं लिहिलं होतं तुम्ही," नाना म्हणाले.

"सुपारीच्या खांडाचासुद्धा नाही!" आबा.

"बरं. आणि पहिलं लग्न?"

आबांचा पेला तोंडापाशीच थांबला. "कोणाचं?"

"तुमच्या चिरंजीवांचं."

नानांनी सदऱ्याच्या खिशातून पोस्टकार्ड काढलं. माझं अक्षर मी लांबूनच ओळखलं.

"वाचतो. 'जुनी घोडी पार कामातून गेली.' ही जुनी कोण?"

"माय वं!" अक्का.

"'चार वर्षं ताण सोसला, आता वाकली.'"

"विनू! चार वर्षं?" आई किंचाळली.

"अगं आई, तसं नाही—"

"'दोन-तीन काढून ठेवाव्यात.' म्हणजे माझी एक मुलगी यांना पुरत नाही!"

"मनी पोर घोडी शे का रे, भाऊ?" अक्कांनी अहिराणीत थेट मलाच विचारलं. अडकित्ता वाजला. कट्!

"'आधी कोणी वापरलेली—'"

"बस करा हो!" आबा ताडकन उठले.

"बसा. शेवट ऐका. 'ठोकून, वाजवून पाहिल्याशिवाय पसंत करणार नाही. न जमल्यास महिन्याभरात परत करीन. आमच्या आबांना यातलं काही कळू देऊ नये.'"

आबा बसले. बसले म्हणजे खुर्ची खाली होती म्हणून.

"बठ्ठी गल्लीनी वाचं ते कार्ड," अक्का म्हणाल्या. पोस्टमननं म्हणे दारातच सगळ्या गल्लीला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. अक्षर लागेना तिथं शेजाऱ्यांनी मदत केली होती.

"मग येऊ नका असं कळवायचं तरी!" आई रडवेली झाली.

"कार्ड काल संध्याकाळी आलं. तार पोचेपर्यंत तुम्ही एसटीत बसला असता. शिवाय म्हटलं, असा माणूस दिसतो कसा, ते एकदा पाहावं."

आतल्या दारातून चार-पाच डोकी ते पाहतच होती.

आता मार्ग दोनच. एकतर पहिली बायको कबूल करायची, नाहीतर गिटार. मी आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि क्षणभर मला बायको सोपी वाटली. पण ती आणायची कुठून? शेवटी खिशातून रुमाल काढून उलगडला.

"ही... ही ती घोडी."

अक्का मागे सरकल्या. "हाऊ कोना जबडा शे?"

"गिटारचा भाग आहे, अक्का. तारा यावर टेकतात. पत्र चार नंबरच्या नानांना होतं. वाद्यवाल्या."

नानांनी कार्ड डोळ्यांपाशी नेलं. "हा पाच आहे."

"चार आहे."

"काय करता म्हणालात आपण?"

"गणित शिकवतो."

आबांना आत्ता कुठं वाचा फुटली. "म्हणजे गिटार विकली नाहीस?"

"नाही."

"आणि बायको?"

"नाही हो, आबा!"

"चार वर्षं!" आबांनी कपाळाला हात लावला. "अरे, बायको असती तर निदान चारचौघांत सांगता तरी आली असती!"

तेवढ्यात आतल्या दारातून एक मुलगी सरळ बाहेर आली. कुसुम. जिला पाहायला आलो होतो तीच. नानांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं आणि ती त्यांच्या हाताखाली काम करायची.

"बघू," म्हणून तिनं घोडी उचलली, उलटीपालटी केली. "नाना, खरं बोलतायत हे. ही बघा स्क्रूची भोकं. फक्त वापरणाऱ्याला अक्कल नव्हती. तारा नको इतक्या ताणल्यात."

निर्दोष सुटल्याचा मला काय आनंद झाला!

अक्कांची खात्री पटली नव्हती, त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. "चाल मंग चार नंबरले! दखाड तुनी घोडी!"

पुढं अक्का, मागं आम्ही, त्यामागं बरीचशी गल्ली. मिस्त्रीनाना ती गर्दी बघून दचकलेच. "घोडी? वरातीची ना? ती टांगेवाल्याकडं." त्यांना बिचाऱ्यांना कार्ड मिळालंच नव्हतं! मग उलगडा झाल्यावर त्यांनी एक डबा पालथा केला. तीन घोड्या निघाल्या. मुलगी पाहायला आलेली माणसं मुलीला घेऊन घोड्या पाहू लागली. अक्कांनी प्रत्येकीवर अडकित्ता वाजवून निकाल दिला, "हाई बहिरी शे." आबा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "बुटकी बघा. त्यानं पत्रात लिहिलंय."

मी पितळेची झळझळीत उचलली. "ही!"

कुसुमनं जुनी घोडी तिच्यावर ठेवली. "भोकं जुळत नाहीत. तारांमधलं अंतरही जास्त आहे. कडेची तार बाहेर लोंबेल."

"पण दिसायला—"

"दिसण्यावर जाऊ नका," ती माझ्याकडं पाहून म्हणाली. ते फक्त घोडीबद्दल नव्हतं, असं मला वाटलं. तिनं एक काळी, बुटकी, लोखंडी घोडी निवडली. भोकाला भोक जुळलं.

"मास्तर, पोरीला माप कळतं," मिस्त्री म्हणाले. "तुम्हाला काय कळतं?"

"गणित," आबा भिंतीला म्हणाले.

नवी घोडी खिशात घालून जळगावला परतलो. आई आठवडाभर माझ्या ताटात न बघता वाढत होती. स्थळ गेलं, हे मीही धरून चाललो होतो. मग धुळ्याहून कुसुमच्या नानांचं पोस्टकार्ड आलं. पत्त्यातले आकडे मोत्यासारखे, मजकूर आबांच्या नावे:

"स. न. वि. वि. मुलगा पाहिला. वरून चकचकीत, पण आवाज बसलेला. आधी कोणी वापरलेला नाही, अशी खात्री केली. तरी मुलगी म्हणते, ठोकून, वाजवून पाहिल्याशिवाय पसंत करणार नाही. न जमल्यास परत पाठवू."

लग्न झालं. ती काळी घोडी अजून जागची हललेली नाही. ठोकून, वाजवून पाहणंही अजून चालूच आहे. पसंत पडल्याचं मात्र मला आजवर कोणी कळवलेलं नाही. कळवलं असेलही म्हणा. कार्ड दुसऱ्या गल्लीत गेलं असेल!